चौदसला घर गावाला गेलं

मुक्काम: पाणी (जवळचं गाव कोची)
४ जानेवारी, पौष वद्य प्रतिपदा

तीर्थस्वरूप गुणमालाताई,

जय जिनेंद्र. धाकट्या राजमतीचा वाकून नमस्कार. (वाकून हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. मी जिथे बसून लिहिते आहे तिथलं छत इतकं खाली आहे की गेल्या बारा दिवसांत मी सरळ उभी राहिले ती फक्त बाहेर.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? कारंज्यात थंडी चांगलीच पडली असणार. मंदिराच्या फरशीवर बसताना सतरंजी दुहेरी करत जा. तुम्ही व्रती आहात, पण गुडघ्याने काही व्रत घेतलेलं नाही. मी, हे आणि मयंक, आम्ही तिघंही सुखरूप आहोत, मयंकचं उजवं मनगट सोडल्यास. ते मुरगळलं आहे आणि त्याला कारण मी आहे. तेही पुढे येईलच.

तुम्ही सहा वर्षांपूर्वी मोबाइलचा त्याग केलात त्याची मला आजवर अडचण वाटली नव्हती, उलट कौतुकच होतं. या दोन दिवसांत मात्र वाटून गेलं की तो त्याग जरा पुढे ढकलला असता तर बरं झालं असतं. (असं वाटणं हाही दोषच. नोंदवून ठेवते.) तर हे पत्र. ते पाठशाळेत बायकांना वाचून दाखवू नये ही विनंती. मला तुमच्याकडून एक निवाडा हवा आहे, आणि तो मिळेपर्यंत माझ्या रोजनिशीचं दोन जानेवारीचं पान कोरं आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी एकही पान कोरं सोडलेलं नाही, हे तुम्ही जाणता. बाळंतपणातसुद्धा ‘मुलगा झाला. फार दुखलं.’ एवढं लिहिलेलं आहे.

आता मुळापासून सांगते. मयंक इथे नावा दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, एका साहेबांचं घर राहायला मिळालंय, साहेब दोन वर्षं परदेशी आहेत, घराची देखभाल करायची एवढंच. फोटो दाखवले. सगळे आतले. लाकडी भिंती, लाकडी छत, पितळी कड्या. ह्यांनी ते फोटो अडत्यांच्या बैठकीपासून बसस्टँडजवळच्या रसवंतीपर्यंत सगळ्यांना दाखवले आणि पोराच्या घरी भिंतीलासुद्धा सागवान आहे असं सांगत फिरले. त्यात खोटं काही नव्हतं. आता मागचं पान काढून पाहिलं तर मी त्या दिवशी लिहिलं होतं: ‘खिडक्या गोल आहेत. आधुनिक पद्धत असावी.’ गोल का आहेत, हे विचारायचं मला सुचलं नाही. बी.कॉम. झालेल्या बाईला सुचायला हवं होतं.

सोयाबीन संपलं, तूर यायला अवकाश होता, मयंकलाही नाताळची सुट्टी होती, म्हणून आम्ही निघालो. अकोल्याहून दोन गाड्या बदलत एर्नाकुलमला उतरलो आणि मयंकने जिथे नेलं त्याला मरीना म्हणतात. आपल्या बसस्टँडवर एसटी गाड्या फलाटाला तोंड लावून ओळीने उभ्या असतात ना, तशा इथे नावा धक्क्याला ओळीने उभ्या. फरक एवढाच की माणसं त्यात बसून जात नाहीत, संसार मांडून राहतात, आणि गाड्या सुटत नाहीत. (सुटत नाहीत असं मला तेव्हा वाटत होतं.) मयंक एका पांढऱ्या शिडाच्या नावेपाशी थांबला. ह्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि विचारलं, “घर कुठं हाय?”

“हे काय, तुमच्या समोर.”

“हे नाव हाय.”

“हो बाबा.”

“मी घर इचारलं.”

“बाबा, घरच नावेत हाय.”

ह्यांनी धक्क्यावरूनच नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलांनी मोजली. मग म्हणाले, “याचा सातबारा कोन्या तलाठ्याकडं हाय?” आणि मयंक हसायला लागला तसं मला रडू आलं. आपण पोराला शिकवून इतक्या लांब पाठवलं, आणि त्याच्या घराला जमीन नाही. ताई, जमीन नाही! खाली हात घातला तर पाणी लागतं.

मनगटाची गोष्ट त्याच दिवसाची. थंडीत पिठाची मर्यादा सात दिवस, हे मी तुमच्याकडूनच शिकले. पंधरा-सोळा दिवसांच्या मुक्कामाला घरून दळलेलं पीठ कसं चालणार? परक्या गिरणीचा भरवसा नाही. म्हणून मी गहू आणला होता, आणि सोबत सासूबाईंचं लहान दगडी जातं. रेल्वेत ते आसनाखाली निमूट बसलं होतं. पण धक्का आणि नाव यांच्यामध्ये हातभर पाणी असतं आणि नाव त्या वेळी हलायची थांबत नाही. मयंकने जात्याची खालची तळी उचलली, एक पाय नावेत टाकला, नाव सरकली, आणि पोराने दगड वाचवण्यासाठी मनगट वाकवलं. दगड वाचला. शुद्धतेचा माझा आग्रह आणि पोराचं दुखणं यात मोठा दोष कुठला, हे मी त्या दिवशी दीड पान लिहूनही ठरवू शकले नाही. जातं आत आलं तशी नाव डाव्या बाजूला कलली. ह्यांना उजव्या बाजूला बसवलं तेव्हा ती सरळ झाली. पहिले दोन दिवस हे उठले की आम्ही सगळे वाकडे होत होतो. शेवटी मयंकने जातं बरोबर मधोमध नेऊन ठेवलं.

इथल्या राहण्याबद्दल थोडंच लिहिते. निजायची जागा नावेच्या नाकात, म्हणजे डोक्याशी रुंद आणि पायांशी निमुळती. तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या पायाला पाय लागला तर मी नमस्कार करत आले, इथे रात्रभर करावा लागला असता. शौचालयात बसण्याआधी भिंतीवरची अकरा सूचनांची पाटी वाचावी लागते आणि शेवटी एक दांडा वीस वेळा वरखाली करावा लागतो. ह्यांचे सतरा झाले की मयंक बाहेरून ओरडतो, “बाबा, तीन बाकी हायेत!” पाण्याचं तर विचारूच नका. नळ धक्क्यावर. पाणी मी दुहेरी फडक्याने गाळते, पण गाळण्यातले जीव मूळ पाण्यात सोडायचे तर ते मूळ पाणी कुठलं? नळाचं पाणी कुठल्या तलावातून येतं ते इथल्या ऑफिसात विचारायला गेले, तर त्यांनी मला पाणी तपासणारी सरकारी बाई समजून खुर्ची दिली. शेजारच्या नावेत सत्तरीच्या एक परदेशी बाई एकट्या राहतात. नाताळला त्यांनी केक आणून दिला. त्यात अंडं. परत करणं म्हणजे त्यांचं मन दुखवणं आणि ठेवणं म्हणजे आपलं घर बाटवणं, म्हणून मी हात जोडून, पोटावर हात ठेवून, नाही म्हटलं. तेव्हापासून त्या रोज सकाळी माझ्या पोटाची चौकशी करतात. मला ते खोटं अजून निस्तरता आलेलं नाही.

आता मूळ गोष्ट. माझ्या चतुर्दशीच्या व्रताचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, तरी निवाड्यासाठी पुन्हा मांडते. मयंक चार वर्षांचा असताना अकोल्याच्या दवाखान्यात अकरा दिवस तापात पडला होता. बाराव्या दिवशी त्याने डोळे उघडले, आणि मी ठरवलं की यापुढे प्रत्येक चौदसला उपवास करीन आणि सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत ठरवलेल्या मर्यादेबाहेर पाऊल टाकणार नाही. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, “राजा, हे व्रत नाही, हा सौदा झाला. पोराच्या बदल्यात काही द्यायचं नसतं.” मी ऐकलं नाही. एकवीस वर्षं झाली. पाचशेच्या वर चौदशी. शेजारच्या दुकानाला आग लागली तेव्हा सगळी गल्ली रस्त्यावर होती, मी पाण्याच्या बादल्या खिडकीतून दिल्या. दर चौदसच्या पानावर वर एकच शब्द लिहिते: ‘निर्दोष’. तो शब्द लिहिला की मयंक जिथे असेल तिथे बरा आहे असं वाटतं. (हे शास्त्रात नाही, मला ठाऊक आहे. तरी वाटतं.)

शुक्रवारी, दोन तारखेला, चौदस होती. पहाटेच मर्यादेचा विचार केला. घरी आपली हद्द पुढच्या दारापासून परसातल्या भिंतीपर्यंत. इथे परस नाही. आत उतरायच्या दाराला गुडघाभर उंच फळी आहे, तिला उंबरठा धरावा तर बाहेरची बसायची जागा हद्दीबाहेर जाते आणि दिवसभर वाकून राहावं लागतं. म्हणून मी भगवंताच्या फोटोसमोर स्पष्ट शब्दांत म्हटलं: “या घराच्या कठड्याच्या आत.” मला वाटलं, याहून चोख शब्द सापडणार नाहीत.

हे सकाळी प्रवासी बोटीत बसून मसाल्याचा बाजार बघायला गेले. काळ्या मिरीचा भाव ऐकल्याशिवाय त्यांना कोची खरी वाटत नव्हती. साडेदहाला इथले व्यवस्थापक आले. सज्जन माणूस, दोनदा माफी मागितली. एक मोठी नाव नादुरुस्त होऊन येत होती, तिला आमचीच खोल जागा लागणार होती. बारापर्यंत जागा मोकळी करायची, दुसरी जागा उद्या मिळेल, तोवर नाव बाहेर पाण्यात नेऊन नांगर टाकून ठेवायची.

“आई, तू धक्क्यावर उतरून बैस,” मयंक म्हणाला. “अर्ध्या घंट्याचं काम हाय.”

मी म्हटलं, उतरले तर व्रत मोडतं.

“मंग आतच बसून राह्य.”

बसले तर मर्यादाच चालली, मी म्हटलं. कोस-दोन कोस जाईल.

“कठड्यापरेंत घेतली ना मर्यादा? कठडा तं तुह्यासोबतच येऊन राह्यला!”

“तुले एका हातानं नाव नेता येईन का?”

“नेईन ना. तू फक्त ठरव. उतरतं का बसतं?”

ताई, पाचशे चौदशींमध्ये असा पेच आला नव्हता. घर आजवर कधी हललंच नव्हतं! उतरावं तर पाऊल बाहेर, न उतरावं तर पावलासकट सगळंच बाहेर. मी ह्यांना फोन लावला. मागे मिरीचा लिलाव का काय चालला होता. मी सगळं सांगितलं. “हे पाहाय,” हे म्हणाले, “पोत्याचं तोंड शिवलं हाय का? शिवलं. दाना बाहीर सांडला का? नाही सांडला. मंग पोतं कारंज्यात असो का कामरगावात, दान्याचं काय बिघडलं? तू दाना हायस. गप बसून राह्य. आन् जातं बांधून ठेव, नाहीतं लुडकन.” फोन ठेवला. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल बारदानाच्या हिशेबाने लागलेला मला पटला नाही, पण बाराला दहा कमी होते. मी बसले. डोळे मिटून णमोकार म्हणत बसले, आणि दोर सुटल्याचा आवाज आला. एसटी सुटते तसं घर मागे सरकलं. शेजारच्या बाईंनी हात हलवला. मी पोटावर हात ठेवला.

पुढचं ऐकून तुम्हालाही धक्का बसेल. धक्क्यापासून बरंच लांब गेल्यावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. खाली पंख्यात प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती. चहूकडे पाणी, एकीकडून माणसांनी भरलेली प्रवासी बोट भोंगा वाजवत येतेय, दुसरीकडे आपल्या जिनिंग फॅक्टरीपेक्षा उंच एक मालवाहू जहाज, मध्ये आमचं घर, आणि घरात गहू. “आई, आता शीड लावा लागते,” मयंक ओरडला. एका हाताने त्याने ते कसं चढवलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझं लक्ष समोर होतं. (सुकाणूचं मागाहून लिहिते.) शीड भरलं तशी सगळी खडखड एकदम थांबली आणि घर एका कुशीवर झुकलं. आतून मूगडाळीचा डबा पडल्याचं ऐकू आलं. जातं मात्र तसूभर हललं नाही, सासूबाईंचं आहे. वारा उलटा होता, म्हणून अर्ध्या तासाच्या कामाला अडीच तास लागले. मग नांगर टाकला. संध्याकाळी मयंकने ह्यांना लहान रबरी होडीतून घरी आणलं. रात्रभर मी तिथेच, कठड्याच्या आत. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला, तेव्हा एकही पाऊल मी कठड्याबाहेर टाकलेलं नव्हतं.

तर प्रश्न असा. दोष तीन तऱ्हेने लागतो, हे तुम्हीच शिकवलंत: स्वतः केल्याने, दुसऱ्याकडून करवल्याने, आणि कोणी केलेल्याला मनात बरं म्हटल्याने. मी काही केलं नाही, बसले होते. करवलं नाही, व्यवस्थापकांनी सांगितलं. आणि बरं म्हणण्याचा प्रश्नच नाही, मला जायची इच्छा नव्हती. मग त्या पानावर ‘निर्दोष’ लिहावं का? मयंकला विचारलं तर म्हणतो, “आई, माह्यासाठी घेतलेलं व्रत माह्याच घरात कसं मोडन?” पण तो निवाडा नव्हे, तो लाड झाला.

प्रकृतीला जपा. घोट घोट पाणी उकळलेलंच घ्या.

तुमची धाकटी,
राजमती

ता. क. एक सांगायचं राहिलं. पाठशाळेतल्या बायका तुम्हाला एक फोटो दाखवतील, कदाचित एव्हाना दाखवलाही असेल. भोंगा वाजवत येणारी ती प्रवासी बोट वर लिहिली आहे ना, तिच्यात हे बसलेले होते. मिरी बघून परत येत होते. समोरून आपलंच घर शीड लावून जाताना त्यांनी पाहिलं आणि फोटो काढून ‘आमचं घर व मालकीण’ असं लिहून परिवाराच्या ग्रुपवर टाकला. घाईत तो अडत्यांच्या ग्रुपवरही गेला. आपल्या दुकानचा मापारी रामधन याने खाली लिहिलंय, “बाईनं तं ट्रॅक्टरवानी धरलं!” फोटोत मी पदर कमरेला खोचून उभी आहे आणि सुकाणूचा दांडा दोन्ही हातांत आहे. मी फक्त बसले होते असं वर दोनदा लिहिलंय. पहिला अर्धा तास बसले होते. मयंकचा एक हात बांधलेला, दुसऱ्यात दोर, मग दांडा कोण धरणार? तेव्हा ‘स्वतः केलं’ हा दोष धरा.

ता. क. २. हे पाकिटात घालून चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. वारा उलटा नव्हता. सुलटा होता. पंधरा मिनिटांतच नांगराची जागा आली होती आणि मयंक म्हणाला, “आई, आली जागा. थांबवू?” आणि मी म्हटलं, “त्या लाल पिंपापरेंत जाऊन येऊ.” (पाण्यात वाट दाखवायला लाल पिंपं तरंगत ठेवलेली असतात.) मग त्याच्या पुढच्या पिंपापर्यंत म्हटलं. तेव्हा ‘करवलं’ हेही धरा. तिसऱ्याबद्दल काय लिहू? तो दोर दातात धरून हसत होता, उन्हात त्याचे केस उडत होते, आणि तिथे माझ्या ध्यानात आलं की एकवीस वर्षांत ही पहिली चौदस, की सकाळपासून मला त्याची भीती एकदाही वाटली नाही. तिथे व्रत मोडलं, की तुम्ही म्हणत होतात तो सौदा तिथे फिटला? पान अजून कोरंच आहे. तुम्ही कळवाल तो शब्द लिहीन.

ता. क. ३. आता खरं ते लिहिते. हे गुरुवारी एकटेच परत येताहेत, तूर सुरू होईल. माझं तिकीट मी अठरा तारखेचं करून घेतलंय. सतराला पुढची चौदस आहे. मर्यादा कुठवर घ्यावी? मयंक म्हणतो, पश्चिमेला क्षितिजापर्यंत घे. मी त्याला रागावले. क्षितिज आपल्यासोबत सरकत राहतं, आणि सरकणारी मर्यादा चालत नाही एवढं मला आता अनुभवाने कळलं आहे. इथे किनाऱ्यावर एक दीपगृह आहे, त्याच्या समोरच्या पाण्यापर्यंत घेतली तर चालेल का? दीपगृह पक्क्या जमिनीवर बांधलेलं आहे, हे मी स्वतः तिथवर जाऊन पाहून आले. उलट टपाली स्पीड पोस्टाने कळवा. जातं ह्यांच्यासोबत परत पाठवत नाही. त्याच्यामुळे नावेचा तोल चांगला राहतो.